यादीकाकू आणि बंद पाकीट

यादीकाकूंना गणित येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर नऊ वर्षं गणिताच्या कार्यक्रमांची उठाठेव केलेली बाई म्हणून तुम्ही त्यांना कुणी मोठ्या विदुषी समजाल आणि मागाहून आमच्या नावानं खडे फोडाल. सातवीत असताना त्यांनी एका उदाहरणाचं उत्तर अगदी बरोबर लिहिलं होतं. मास्तरांनी वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि विचारलं, "उत्तर आहे, रीत कुठाय? कुणाचं बघून लिहिलंस?" कुणाचंच बघितलं नव्हतं हो. डोक्यात कसंतरी आलं होतं, पण कसं आलं ते सांगता येईना. वहीवर लाल शून्य पडलं. त्या दिवसापासून काकूंनी गणिताचं नाव टाकलं ते टाकलंच.

पुढे त्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात कारकून म्हणून चिकटल्या आणि एकतीस वर्षं तिथेच राहिल्या. यादीकाकू हे नाव तिथल्याच पोरांनी ठेवलेलं. काकूंच्या हातात यादी नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता. फाटलेल्या पुस्तकांची यादी, परत न आलेल्या पुस्तकांची यादी, बंद पडलेल्या पंख्यांची यादी. नाव पोरांच्या तोंडून शिपायाच्या आणि शिपायाच्या तोंडून मुख्य ग्रंथपालांच्या, म्हणजे साहेबांच्या, तोंडी बसलं. घरी त्यांचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले, ते म्हणत, "हिच्या उशाखाली हात घाला, तिथंही एक यादी सापडेल." सापडायचीच. खोटं कशाला बोला.

तर नऊ वर्षांपूर्वी साहेबांना हुक्की आली की शाळाशाळांतून गणिताच्या गमतीचे कार्यक्रम करायचे. परगावी एक लेखिका होत्या, आकड्यांच्या गमतीजमतींवर पुस्तकं लिहिणाऱ्या. त्या दरवर्षी तीन दिवसांसाठी यायच्या आणि बारा शाळांत पन्नास-पन्नास मिनिटं मुलांना खदाखदा हसवून जायच्या. टाळ्या लेखिकाबाईंना, फोटो साहेबांचा, आणि बाकीचं सगळं यादीकाकूंच्या गळ्यात. बाकीचं म्हणजे काय, ते विचारू नका. शाळांना पत्रं, पत्रांना स्मरणपत्रं, स्मरणपत्रांनाही जाग आली नाही तर स्वतः जाऊन मुख्याध्यापकांच्या दारात बसणं. माईक खरखरत नाही ना, खडू दमट नाही ना, फळा असा तर नाही ना की ज्यावर लिहिलेलं फक्त पहिल्या बाकालाच दिसतं. बाईंचा बिनसाखरेचा चहा. ग्रंथालयाची जुनी गाडी आणि तिच्याहून जुना ड्रायव्हर.

आणि सगळ्यांत अवघड भानगड म्हणजे पाकीट. लेखिकाबाई कार्यक्रमाच्या सुरुवातीला एका कागदावर काहीतरी लिहून, पाकिटात घालून, ते मुलांदेखत चिकटवत आणि सभागृहातल्या एखाद्या माणसाच्या हाती देत. मग मुलांनी आपापल्या मनातला आकडा धरायचा, त्याची काहीतरी उलटापालट करायची, आणि शेवटी पाकीट फोडलं की आत तेच उत्तर! पोरं छप्पर उडवायची. आता गंमत अशी की पाकिटातलं उत्तर नेहमी एकच असे, आणि पोरांच्या पोटात काही राहत नाही. मुलींच्या शाळेत सोमवारी कार्यक्रम झाला की रात्री जेवताना बहिणीनं भावाला सांगितलंच, आणि मंगळवारी मुलांच्या शाळेत बाईंनी पाकीट चिकटवायच्या आतच मागून कुणीतरी ओरडलंच, "एक हजार एकोणनव्वद!" पहिल्या वर्षी असं दोनदा झालं. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडलेला काकूंनी पाहिला. त्या दिवसापासून काकूंनी रंगीत पेन्सिली घेऊन तक्ताच मांडला. कुठल्या शाळेतल्या मुलांची भावंडं कुठल्या शाळेत, कुणाची शिकवणी एकत्र, कुणाची बस एक. ज्यांच्यातून जादू फुटेल अशा शाळा एकाच दिवशी, पाठोपाठ, घरी जाऊन बोलायला वेळ मिळायच्या आत. आठ वर्षांत जादू पुन्हा फुटली नाही. याला गणितच म्हणतात असं कुणी काकूंना सांगितलं असतं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते.

मात्र शंभरावर कार्यक्रम केलेल्या या बाईनं त्यातला एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. पाहणार कधी? पाकीट चिकटलं की काकू बाहेर. पुढच्या शाळेला फोन करायचा असे, ड्रायव्हरला शोधायचं असे, कुणीतरी चहात साखर घातलेली असे. बंद दाराबाहेर उभ्या राहून त्यांनी तो शेवटचा आरडाओरडा ऐकलेला. एक हजार एकोणनव्वद हे उत्तर त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. पण ते येतं कसं, देव जाणे. परत तीच सातवीची गत: उत्तर आहे आणि रीत नाही.

एवढं असूनही काकूंच्या मनाला जे खुपत होतं ते हे नव्हतं. खुपत होती ती टेकडीवरची शाळा.

चार वर्षांपूर्वी त्यांनी ती शाळा यादीत घेतली होती, शेवटच्या दिवशी, शेवटची. एक वर्ग, एक शिक्षक, जेमतेम पंचवीस मुलं. नकाशावर अंतर होतं नऊ किलोमीटर. शहरात नऊ किलोमीटरला वीस मिनिटं लागतात, म्हणून काकूंनी वीस मिनिटं धरली. चढाचा रस्ता, एकामागून एक वळणं, मध्ये खडी पसरलेली, हे धरायचं राहून गेलं. अर्ध्या चढावर लेखिकाबाईंनी घड्याळ पाहिलं, काकूंनी घड्याळ पाहिलं, आणि गाडी वळवावी लागली, कारण संध्याकाळची रेल्वे कुणासाठी थांबत नाही. वर मुलं सकाळपासून भांग पाडून बसलेली. चार दिवसांनी तिथल्या सरांचं पत्र आलं. "हरकत नाही. अडचणी येतातच. मुलांनी तीन तास रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या. सदतीस झाल्या." बस, एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. ते पत्र त्यांनी कुठल्याच फाइलला लावलं नाही, पर्समध्ये ठेवलं, आणि मग दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' असं सरांना लिहीत राहिल्या. दरवर्षी साहेब म्हणत, "मूठभर पोरांसाठी गाडी वर न्यायची? वेळ उरला तर बघू." वेळ कधी उरतो का कुणाचा!

आणि आता पुढचं वर्षच नव्हतं. चार महिन्यांनी काकू निवृत्त होणार होत्या, आणि साहेबांनी ठरवलं होतं की यापुढे कार्यक्रम पडद्यावर दाखवायचा, एकदाच चित्रित करून सगळ्या शाळांना. टेकडीवर पडदा नव्हता आणि वीजही असली तर असे. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर कायमचं राहिलं. काकूंनी यादीत बाराव्या ओळीवर टेकडीची शाळा लिहिली, पुढे कंसात साहेबांचं 'वेळ उरल्यास' लिहिलं, आणि रजेच्या दिवशी स्वतः एसटीतून, उभ्यानं, तो चढ दोनदा चढून-उतरून मिनिटं लिहून आणली. छप्पन वर जायला, बेचाळीस खाली यायला. यजमान म्हणाले, "अगं, पाय बघ तुझे, भोपळ्यासारखे झालेत." काकू म्हणाल्या, "झाले तर झाले. एकदा संपू दे."

पहिले दोन दिवस पार पडले. म्हणजे काय, पाडले. एका शाळेत माईक मेला, एका शाळेत मुख्याध्यापकांनी कार्यक्रमाआधी स्वतःचंच पंचवीस मिनिटांचं भाषण ठोकलं, एका शाळेत सभागृहाची किल्ली घेऊन शिपाई सासुरवाडीला गेलेला. काकूंच्या नाकी नऊ आले. रात्री पाठ टेकली तरी डोळ्यांपुढे तक्ता नाचायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी थर्मास हातात देत विचारलं, "रात्रभर जागीच होतीस ना?"

"झोपले होते की."

"झोपेत 'खडू, खडू' म्हणत होतीस."

तिसऱ्या दिवशीचे दोन कार्यक्रम आटोपले आणि लेखिकाबाई गाडीत येऊन बसल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. बाई पासष्टीच्या, त्यांनी तीन दिवस घसा फोडलेला. काकूंनी गाडी तशीच घशाच्या डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि काकूंनाच दटावलं, जणू काकूंनीच ओरडून बाईंचा घसा बसवला होता. "अजून एक कार्यक्रम, तोही हळू आवाजात. दोन केलेत तर महिनाभर तोंडातून शब्द निघणार नाही."

गाडीत दोघी बसल्या. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठं घेऊ?"

आता खरा पेच हाच होता. यादीत उरल्या होत्या दोन शाळा. साडेबाराला मोठी शाळा: चारशे मुलं, चकचकीत सभागृह, साहेबांचे खास स्नेही असलेले मुख्याध्यापक. तीन वाजता टेकडी: तेवीस मुलं. यंदा दोन कमी झाली होती. साहेबांना विचारलं असतं तर उत्तर ठरलेलंच होतं, म्हणून काकूंनी विचारलं नाही. एकतीस वर्षांत साहेबांना न विचारता त्यांनी साधा पंखासुद्धा हलवला नव्हता.

बाईंनी वहीत लिहून पुढे धरलं: चारशे की तेवीस? मोठं काय?

काकूंनी यादी मांडीवर ठेवली. "मॅडम, मला गणितातलं काही कळत नाही. पण त्या चारशेवाल्यांकडे तुम्ही आजवर पाच वेळा गेलात. वरच्यांकडे शून्य वेळा. आणि मागं एकदा आपण अर्ध्यातून परतलो ना, ती चूक माझी होती. चढ धरला नव्हता मी." त्यांनी मांडीवरची यादी उगाच सरळ केली. "आता मी फार दमलेय हो. हे राहिलं तर मला घरी बसूनही झोप लागायची नाही."

बाईंनी वही घेतली आणि खाली लिहिलं: चारशे पोरांना गप्प करायलाच आवाज लागतो. माझ्याकडे तेवढा नाही. वर चला.

काकूंनी मोठ्या शाळेला फोन लावला. "मॅडमचा आवाज गेलाय सर. येणं जमणार नाही."

"जमणार नाही म्हणजे? फोटोवाला येऊन बसलाय! पुष्पगुच्छ आणलाय!"

"फुलं उद्यापर्यंत टिकतील सर," काकू म्हणाल्या, आणि आपण हे बोललो याचा त्यांना स्वतःलाच धक्का बसला.

मग टेकडीच्या सरांना फोन. "सर, आम्ही निघतोय. तीनच्या ऐवजी दीडलाच पोचू. मुलं तयार आहेत ना?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "मुलांना मी सांगितलेलं नाही, काकू. गाडी शेवटच्या वळणावर दिसली की सांगेन. राग मानू नका."

राग कसला मानायचा? काकूंनी फोन पर्समध्ये ठेवला, त्या पत्राशेजारी, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. चढ लागेपर्यंत पर्स थरथरायला लागली होती. साहेब. मुख्याध्यापकांनी लगेच कान फुंकले असणार, दुसरं काय. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ड्रायव्हर आरशातून बघत होता. काकूंनी पर्स मांडीवरून उचलून सीटच्या मागे टाकली. बाई आवाज नसतानाही हसल्या, नुसते खांदे हलवून.

शेवटच्या वळणावर गाडी आली आणि वरून गलका ऐकू आला. शाळेच्या दारातून पोरं बाहेर सांडली, परत आत धावली, परत बाहेर आली. काकूंनी घड्याळ पाहिलं. छप्पन मिनिटं. बरोब्बर.

सर दारात उभे होते, खडूनं पांढरे झालेले हात पुसत. त्यांच्या पाठीमागून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पुढे आली. दोन घट्ट वेण्या, आणि डोळे असे की पोलिसांनाही उलटतपासणीला बसवतील. तिनं काकूंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या, ज्या आल्या नव्हत्या?"

सरांनी "अगं!" म्हणून डोळे वटारले. काकू म्हणाल्या, "हो बाळ. मीच ती."

"मी तेव्हा पहिलीत होते. गाड्या मी मोजल्या होत्या."

"सदतीस," काकू म्हणाल्या.

मुलीनं मान डोलावली. मग तिनं काकूंचा हात धरला आणि त्यांना आत नेऊन पहिल्या बाकावर बसवलं, आपल्या जागेवर.

आत एकच खोली. माईक नाही, सभागृह नाही, पुढची शाळा नाही. चहा सरांनी स्वतः बिनसाखरेचा केलेला. खडू कोरडा. फळा शेवटच्या बाकावरूनही लख्ख दिसणारा. काकूंनी सवयीनं यादी काढली आणि तिच्यावर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लेखिकाबाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि घोगऱ्या, बारीक आवाजात म्हणाल्या, "माझा आवाज हरवलाय. जो ओरडेल त्याला काही ऐकू येणार नाही." तेवीस पोरं श्वास रोखून बसली. बाईंनी कागदावर आकडा लिहिला, पाकिटात घातला, चिकटवला आणि पाकीट काकूंच्या मांडीवर ठेवलं. "हे या काकूंकडे. यांनी स्वतः उघडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," पोरं कुजबुजली.

काकूंनी दोन्ही हात पाकिटावर ठेवले. आज पाहायचंच. आज रीत बघायचीच. बाई हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या, मुलं खुसुखुसु हसत होती, उन्हाची तिरीप बाकावर आली होती. "मनात तीन अंकी आकडा धरा," असं काकूंनी ऐकलं. त्यांनी एक धरायला सुरुवात केली. मग म्हटलं, डोळे मिटून धरावा, म्हणजे नीट धरता येईल.

जाग आली तेव्हा खोलीत चिडीचूप होतं. मान अवघडलेली, उन्हाची तिरीप बाकावरून उतरून पार भिंतीपर्यंत गेलेली. फळा पुसलेला. संपलं. सगळं उरकून गेले सगळे, आणि आपण गाढवासारख्या घोरत पडलो. पाकीट मात्र अजून त्यांच्या हातांखाली होतं, चिकटवलेलं, थोडं चुरगळलेलं.

त्यांनी मान वर केली. कुणीही कुठेही गेलं नव्हतं. तेवीस पोरं आपापल्या जागेवर हाताची घडी घालून बसली होती आणि सगळीच्या सगळी काकूंकडे बघत होती. दारात खुर्ची टाकून लेखिकाबाई बसल्या होत्या. सर भिंतीला टेकून उभे होते.

"किती वेळ?" काकूंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"पस्तीस मिनिटं," सर म्हणाले. "उत्तरं सगळ्यांची काढून झाली. पाकीट तुम्हीच उघडायचं असं कबूल केलं होतं, म्हणून बाईंनी हात वर करायला सांगितले, काकूंना उठवायचं का. एकही हात वर आला नाही."

"आम्हाला वाट बघायची सवय आहे," वेण्यावाली म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे आहे ते सांगितलं, इतकंच.

काकूंना ते शब्द सोसवेनात. दुसऱ्यांदा. चार वर्षांपूर्वी तीन तास आणि आज पस्तीस मिनिटं, याच पोरांना आपण ताटकळत ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं, आणि पाकीट फोडलं. आत काय आहे ते त्यांना नऊ वर्षांपासून ठाऊक होतं. तरी त्यांनी ते नीट, एकेक अंक बघून वाचलं.

"एक हजार एकोणनव्वद."

जो गलका उठला म्हणता! बाईंचा आवाज हरवलाय हे कुणाच्या लक्षात राहतंय? पोरं बाकांवर चढली, एकमेकांच्या पाट्या ओढायला लागली, "माझंही तेच!", "माझंही!", "माझा आकडा वेगळा होता तरी तेच!" शंभरावर वेळा हा आवाज काकूंनी बंद दाराबाहेरून ऐकला होता. आज त्या आत होत्या आणि त्यांचे कान बधिर झाले. काय झालं ते मात्र त्यांना काडीचंही कळलं नव्हतं.

गलका ओसरल्यावर त्यांनी वेण्यावालीला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "अगं, पण रीत काय याची?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही गं."

"मग पाकीट तुमच्याकडे कसं काय दिलं?" असं म्हणून तिनं काकूंना हाताला धरून फळ्यापाशी नेलं आणि त्यांच्या हातात खडू दिला. "एक आकडा धरा. तीन अंकी. पहिला आणि शेवटचा सारखे नकोत."

काकूंनी लिहिलं: ९२३. नऊ वर्षं आणि तेवीस पोरं, दुसरं काय सुचणार होतं त्यांना?

"आता उलटा करून खाली लिहा. ३२९. हां. आता आधी वजाबाकी, मग येईल ते उलटं करून त्याच्याशी बेरीज. करा वजा."

काकूंचा हात थांबला. पंचेचाळीस वर्षांनी फळ्यासमोर, हातात खडू आणि पाठीमागे सगळा वर्ग. तिनातून नऊ जाईनात. त्यांनी नवातून तीन वजा करून सहा लिहिले, आणि मागून तेवीस तोंडांतून एकच ओरड आली.

"असं नाही काकूऽऽ! शेजारून एक उसना घ्या!"

काकूंनी सहा पुसले. पाय ठणकत होते, पदराला खडू लागला होता. तेवढ्यात गाडीतून काकूंची पर्स घेऊन ड्रायव्हर आत आला. पर्स मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुंईघुंई करत होती. "अठरावा फोन आहे, काकू. आता घ्याच."

काकूंनी डाव्या हातानं फोन कानाला लावला.

"कुठे आहात तुम्ही?" साहेबांचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू गेला.

"वजाबाकीत आहे साहेब," काकू म्हणाल्या. "बेरीज अजून व्हायचीय. झाली की मी फोन करते." आणि त्यांनी फोन मिटून सरांच्या टेबलावर ठेवला.

"हं," त्या वेण्यावालीला म्हणाल्या, "शेजारून एक घेतला. पुढे?"